झाकणाखालची जळू

सावरगडात मैलावाहिनीच्या झाकणाखाली माणूस उतरवणं बंद झालं ते २०३७ साली. कायद्यानं ते कितीतरी वर्षं आधीच बंद होतं. पण कायदा कागदावर होता आणि चोकअप गल्लीत. गटार तुंबलं की ठेकेदार दोन माणसं आणायचा, कमरेला दोर बांधायचा आणि खाली सोडायचा. २०३१ च्या मार्चमध्ये, एका गुरुवारी सकाळी साडेदहाला, नागसेन गायसमुद्रे असाच खाली गेला आणि वर आला तो मेलेला. त्याला काढायला उतरलेला त्याचा जोडीदारही गेला. वर दोर धरून उभा होता नागसेनचा थोरला भाऊ राजरत्न.

राजरत्न महापालिकेच्या मलनिस्सारण विभागात मुकादम होता. खालच्या वायूबद्दल त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. कुजक्या अंड्यांचा वास येतो तोवर माणूस जिवंत राहतो. वायू वाढला की आधी नाकच मरतं, वास येईनासा होतो आणि उतरलेल्या माणसाला वाटतं, चला, वायू गेला. नागसेननं खालून ओरडून तेच सांगितलं होतं, "दादा, आता वास नाही." त्यानंतर दोर जड झाला.

सहा वर्षांनी डॉ. शर्वरी नाडगौडा, एका यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधक, सावरगडात आल्या. वय चौतीस, पायात गमबूट. इतर साहेब लोक चेंबरपासून दहा फुटांवर नाकाला रुमाल लावून उभे राहायचे, या बाई गुडघ्यावर बसून आत डोकावल्या. राजरत्नला त्या तेव्हाच आवडल्या.

पंपहाउसच्या शेडमध्ये त्यांनी कामगारांसाठी दोन तासांचा वर्ग घेतला. भिंतीवर चित्रं दाखवली. मोहेंजोदडोतली भाजक्या विटांची झाकलेली गटारं, घराघरातून निघून रस्त्याच्या मोठ्या नाल्याला मिळणारी. रोममधलं प्रचंड भुयारी गटार. त्या लोकांनी गटारालासुद्धा एक देवी दिली होती. जपानमध्ये शहराचा मैला शेतकऱ्यांना विकला जायचा आणि श्रीमंताघरच्या मैल्याला भाव जास्त मिळायचा. यावर सगळी शेड हसली. मग १८५८ चं लंडन. त्या उन्हाळ्यात नदीला असा वास सुटला की संसदेचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून टांगावे लागले आणि मगच खासदारांना गटारं बांधायचं सुचलं.

"मॅडम," राजरत्ननं विचारलं, "त्या मोहेंजोदडोच्या गटारावरच्या विटा उचलता येत होत्या म्हणालात. म्हणजे त्या कुणीतरी उचलत असणार. त्याचं काय सापडलं?"

"मुद्रा सापडल्या, मणी सापडले, खेळणी सापडली," शर्वरी सावकाश म्हणाल्या. "तो माणूस नाही सापडला, राजाभाऊ. मी आजवर हा प्रश्न कुणाला विचारलाही नव्हता."

त्या दिवसापासून त्या त्याला राजाभाऊच म्हणायला लागल्या.

त्यांचं यंत्र तळहाताएवढं होतं. चेंबरच्या आतल्या भिंतीला घट्ट चिकटायचं आणि एक शेपूट पाण्यात सोडून बसायचं. कागदोपत्री त्याचं नाव 'निर्मळ संवेदक' होतं. कामगारांनी पहिल्याच आठवड्यात त्याची 'जळू' केली. जळू आतला वायू अष्टौप्रहर मोजायची. हिरवा दिवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे भोंगा. शहरात दहा हजार जळवा बसल्या तर कुठं गाळ साचतोय, कुठं वायू कोंडतोय हे नियंत्रण कक्षात आधीच दिसणार होतं, आणि तुंबण्याआधी यांत्रिक दांडा घालून पाइप मोकळा करता येणार होता. माणसाला खाली जायचं कारणच उरणार नव्हतं.

शिवाय तिच्यात कागदासारख्या पट्टीचं एक छोटं रीळ होतं. पाण्यात सोडलेलं शेपूट त्या पट्टीवर थेंबथेंब पाणी चढवायचं आणि पट्टी त्यातले जंतू ओळखायची. टायफॉइड, कॉलरा, कावीळ. डॉक्टरकडे पहिला रोगी जाण्याआधी आठ दिवस गटाराला साथीची बातमी लागलेली असते, असं शर्वरींनी समजावून सांगितलं. माणूस दवाखाना टाळेल, संडास टाळू शकत नाही.

पहिल्या जळवा सफाई कामगारांच्या भीमज्योत वसाहतीत बसवायच्या ठरल्या. एकशे बारा घरं, प्रत्येक घराच्या चेंबरमध्ये एक. लोक बिचकले. भागीरथी कसबे, नवऱ्याच्या जागेवर लागून तीस वर्षं झाडू मारून निवृत्त झालेली बाई, समाजमंदिरातल्या सभेत उठून म्हणाली, "आमच्या मोरीत काय बघायचंय त्यांना? आधी कलेक्टरच्या बंगल्यात लावा म्हणावं."

संमतीपत्र राजरत्ननं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'आरोग्यविषयक निरीक्षणासाठी' या ओळीपाशी तो अडला आणि त्यानं सर्वांसमक्ष शर्वरींना विचारलं. "ते मेन लाइनचं," त्या म्हणाल्या. "सगळ्या वसाहतीचं पाणी एकत्र होतं तिथलं. घराघरातलं आम्ही काही वाचणार नाही. घरापाशी फक्त वायू."

"ऐकलंत?" राजरत्न लोकांना म्हणाला. "माझा भाऊ गेलाय. मी वाईट वस्तू तुमच्या दारात आणीन का?"

एकशे बारा घरांनी सह्या केल्या. वसाहतीचा प्रतिनिधी म्हणून खाली त्याची सही.

आणि यंत्रानं शब्द पाळला, निदान वरून दिसत होतं तेवढ्यापुरता. चार वर्षांत सावरगडात एकही माणूस झाकणाखाली मेला नाही. दुसऱ्याच वर्षी स्टेशनमागच्या वस्तीत टायफॉइड पसरण्याआधी सापडला. वर्तमानपत्रांत शर्वरींचे फोटो आले. एका फोटोत त्यांनी राजरत्नला हाताला धरून शेजारी उभं केलं होतं.

त्याच्या घरी त्यांचं येणंजाणं सुरू झालं. राजरत्नची बायको यशोधरा अंगणवाडी सेविका होती. तिच्या हातची बाजरीची भाकरी आणि ठेचलेल्या शेंगदाण्याची चटणी शर्वरी ताट पुसून खायच्या. सुरुवातीला यशोधरा त्यांना मॅडम म्हणायची. "मॅडम काय, मला थोरली बहीण नाही, मी तुम्हाला ताई म्हणते, तुम्ही मला अगंतुगं करा," असं त्यांनीच सांगितलं. दर वैशाख पौर्णिमेला त्यांच्यासाठी खिरीची वाटी वेगळी काढून ठेवलेली असायची.

२०४१ च्या मार्चमध्ये यशोधराच्या लघवीतून रक्त गेलं. दुखत काही नव्हतं. आठवडाभर तिनं अंगावर काढलं, मग राजरत्ननं तिला सरकारी कर्करोग रुग्णालयात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"लघवीच्या पिशवीत गाठ आहे. ती आता पिशवीच्या स्नायूत शिरलीय. पिशवी काढावी लागेल आणि त्याआधी औषधांचे डोस." डॉक्टरांनी फाइल मिटली. "वर्षभर आधी आला असतात तर दुर्बीण घालून खरवडून काढली असती. संध्याकाळी घरी."

"वर्षभर आधी मला काहीच होत नव्हतं हो," यशोधरा म्हणाली.

"तेच तर," डॉक्टर म्हणाले.

पंधरा दिवसांनी राजरत्न हातमोजे आणायला विभागाच्या भांडारात गेला. भांडारपाल सलीम इनामदार जुना मित्र. यशोधराची चौकशी करून झाल्यावर सलीम सहज बोलून गेला, "तुमच्या वसाहतीतल्या जळवा फार खादाड बुवा. इतर ठिकाणी एक रीळ वर्षभर पुरतं. तुमच्याकडं काही काही घरांना दोन महिन्यांत संपतं. मॅडमच्या कंपनीची माणसं सारखी मागायला येतात."

"घरांना कसलं रीळ?" राजरत्न म्हणाला. "घरापाशी तर नुसता वायू मोजतात."

सलीमनं नोंदवही त्याच्यासमोर फिरवली. घर क्रमांक, तारीख, रीळ. बहुतेक घरांसमोर वर्षाला एकच नोंद. तेवीस घरांसमोर मात्र रांगच्या रांग. अठ्ठावन्न नंबर, बाबुराव, दिवाळीत यकृताच्या आजारानं गेला. बारा महिन्यांत सहा रिळं. एकतीस नंबर, भागीरथी मावशी. गेल्या चार महिन्यांत दोन. चौदा नंबरसमोर चौदा महिन्यांत सात रिळं.

चौदा नंबर म्हणजे त्याचंच घर.

राजरत्ननं पानांचे फोटो काढले आणि तडक मलशुद्धीकरण केंद्र गाठलं.

शर्वरींची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून हवा सोडलेल्या टाक्यांचं उकळल्यासारखं पाणी दिसायचं. "बसा ना, राजाभाऊ. ताई कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

त्यानं फोन त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पान पाहिलं. नंतर बराच वेळ त्यांची नजर त्या पानावरून हलली नाही, आणि राजरत्नला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर तिथंच मिळालं. तरी त्यानं विचारलं.

"माझ्या घरातलं पाणी तुम्ही वाचत होता?"

"हो."

"काय दिसलं?"

त्या हळू आवाजात सांगायला लागल्या, वर्गात सांगायच्या तसंच. गाठ वाढत असते तेव्हा तिच्यातल्या काही पेशी मरतही असतात. त्यांच्यातल्या डीएनएचे तुकडे लघवीत, मैल्यात उतरतात. निरोगी तुकड्यात आणि त्या तुकड्यात एखाद्या अक्षराचा फरक असतो. नवी पट्टी तो फरक ओळखते. एखाद्या घराच्या पाण्यात तो आढळला की यंत्र आपोआप त्या घरावर खूण करतं आणि खात्री करण्यासाठी वारंवार वाचायला लागतं. म्हणून रीळ लवकर संपतं.

"कधी दिसलं?"

"मागच्या वर्षी. जानेवारीत."

"चौदा महिने."

"राजाभाऊ, ऐकून घ्या. हे यंत्र डॉक्टरांच्या आधी कर्करोग ओळखतं, हे सिद्ध करायचं होतं. एका विमा कंपनीबरोबर करार आहे. तीन वर्षं फक्त बघायचं, कुणाला सांगायचं नाही. एकाला जरी सांगितलं आणि त्यानं उपचार घेतले, तर डॉक्टरांना तो आजार एरवी कधी सापडला असता हे कळत नाही, सगळा अभ्यास बाद होतो. सिद्ध झालं तर उद्या लाखो लोक वाचतील."

"आणि आमचे तेवीस?"

त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"समाजमंदिरात सगळ्यांसमोर तुम्ही मला काय सांगितलं होतं?"

शर्वरींनी ड्रॉवर उघडून एक कागद काढला. तो त्यांनी त्याच्यासमोर सरकवला. "संमतीपत्रात 'आरोग्यविषयक निरीक्षण' असं आहे. मेन लाइन असं कुठं म्हटलेलं नाही. खाली तुमची सही आहे."

राजरत्ननं आपली सही पाहिली. वसाहतीत सहीचं अक्षर सगळ्यांत नीट त्याचंच होतं.

"मी सांगणार होते," शर्वरी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. "दहादा ठरवलं. पण सांगितलं असतं तर घराघरातलं वाचतो हे उघडं पडलं असतं. लोकांनी यंत्रं उखडली असती. जळू एकच वस्तू आहे, राजाभाऊ. पट्टी बंद केली की वायूचं मोजणंही बंद पडतं. मग पुन्हा माणसं खाली गेली असती. नागसेनसारखी. तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?"

"त्याचं नाव घेऊ नका," राजरत्न म्हणाला. "तुम्ही त्याच्या नावावर माझ्या दारात आलात, आता त्याच्याच नावावर यशोधराला मारताय."

फोन उचलून तो बाहेर पडला.

घरी यशोधरा खाटेवर बसून लसूण सोलत होती. पहिल्या डोसानंतर तिला वास सहन होत नव्हते, पण हात रिकामे ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. हिला सांगावं की नाही, असं वाटेत त्याच्या मनात एकदा आलं होतं. मग त्याच्या लक्षात आलं की न सांगण्याचा विचार करणं म्हणजे शर्वरींनी केलं तेच करणं. त्यानं सगळं सांगितलं.

तिनं लसूण खाली ठेवला. "वैशाख पौर्णिमेला ती जेवायला आली होती. तेव्हा तिला माहीत होतं?"

"हो."

"खीर वाढली मी तिला." तिनं बोटांना चिकटलेली सालं झटकली. "अहो, त्या दिवशी जाताना ती मला म्हणाली होती, ताई, एकदा सगळ्या तपासण्या करून घ्या, या वयात कराव्यात. मी हसले. म्हटलं, मला काय धाड भरलीय? तर तीही हसली."

राजरत्नला वाटलं, ही आता शर्वरीची बाजू घेणार. पण यशोधराचा चेहरा आवळत गेला.

"वीस वर्षं मी पोरांची वजनं करते. काटा खाली आला की त्याच क्षणी आईला सांगते. ती रडते, भांडते, माझ्या नावानं बोटं मोडते, तरी सांगते. हिनं अर्धं सांगितलं आणि तेवढ्यावर आपलं मन मोकळं करून घेतलं. त्यापेक्षा अजिबात नसतं सांगितलं तर बरं होतं." तिनं डोळे पुसले. "ते तेवीस कोण कोण आहेत, तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"नंबर आहेत."

"मग बसलात काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रजा टाकली आणि बाहेर पडला. कंपनीची माहिती बाहेर फोडणं हा गुन्हा होता, शर्वरींचा तसा निरोपही फोनवर येऊन पडला होता. त्यानं तो पुरता वाचलाही नाही. तेवीसपैकी बाबुरावसह तिघं जण आधीच गेले होते. स्वतःचं घर सोडून उरलेल्या एकोणीस दारांत त्यानं एकच गोष्ट सांगितली. तुमच्या घरातल्या कुणालातरी आजार असू शकतो, कुणाला ते मला माहीत नाही, सगळ्यांनी तपासून घ्या. आणि हे मॅडमना आधीपासून माहीत होतं. आणि घरातलं पाणी वाचत नाहीत असं मी तुम्हाला सांगितलं होतं, ते खोटं निघालं.

बाबुरावच्या मुलाला हे आधीच कळलं होतं. तो आपण होऊन गल्लीत आडवा आला आणि त्यानं राजरत्नची कॉलर धरली. "किती दिले रे तुला त्यांनी?" राजरत्ननं कॉलर सोडवायचा प्रयत्न केला नाही. शेवटी पोरानंच सोडली आणि तो भिंतीला टेकून रडायला लागला.

एकतीस नंबरच्या दारात भागीरथी मावशीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"राजा, मला लिहितावाचता येतं," ती म्हणाली. "कागद मी वाचला होता. ती ओळ मलाही खटकली होती. सही केली ती कागदावर नाही, तुझ्या तोंडावर."

"मावशी, मला फसवलं त्यांनी."

"तुला त्यांनी फसवलं. आम्हाला कुणी?"

तिनं दार लावून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी ती रुग्णालयात जाऊन आली. तिला मोठ्या आतड्याची गाठ होती, अगदी लहान, आणि ती निघाली. त्या एकोणीस घरांतले आणखी तिघं वेळेत सापडले. भागीरथी मावशी त्यानंतर राजरत्नशी कधीच बोलली नाही. यशोधराकडे मात्र रोज डबा घेऊन यायची; तो घरात असला की डबा उंबऱ्यावर ठेवून जायची.

विमा कंपनीनं पत्रक काढलं की सर्व काही लेखी संमतीनं झालं. महापालिकेनं चौकशी समिती नेमली. शर्वरींची मुंबईला बदली झाली. यशोधराच्या शस्त्रक्रियेची तारीख जूनमधली मिळाली.

मे महिन्यातल्या एका दुपारी वसाहतीतली तीस-चाळीस माणसं पहारी आणि घण घेऊन गल्लीत जमली. सगळ्या जळवा फोडायच्या, एकही ठेवायची नाही. कुणीतरी पहिलं झाकण उचललंही.

राजरत्न आडवा गेला. "थांबा. दहा मिनिटं थांबा."

"आता कुणाची वकिली करायला आलास?"

"कुणाची नाही. उद्या लाइन तुंबली आणि हे नसलं तर ठेकेदार दोर घेऊन येईल. खाली कोण जाणार? तुमच्यातलाच ना कुणी? मला आधी एक बघू द्या."

यशोधरा दारात येऊन खुर्चीवर बसली होती. त्यानं स्वतःच्या घरासमोरचं झाकण उचललं, हात घालून जळू भिंतीवरून सोडवली आणि फरशीवर ठेवली. चार वर्षं त्यानं ती वरून पुसली होती, पण उघडली कधीच नव्हती. उघडायची परवानगी नव्हती. पेचकसानं चार स्क्रू काढून त्यानं कवच वेगळं केलं. पट्टीचं रीळ एका बाजूला, वायूची जाळी दुसऱ्या बाजूला. मधे एक बारीक निळी वायर होती. त्यानं ती कापली आणि रीळ उचलून बाहेर काढलं.

हिरवा दिवा क्षणभर विझला. माणसं पुढं सरकली. मग दिवा पुन्हा लागला.

त्यानं जळू दोरीला बांधून मेन लाइनच्या खोल चेंबरमध्ये सोडली, सहा हात खाली, जिथं गाळ साचलेला होता. काही क्षणांतच खालून भोंगा वाजायला लागला, कान किटतील इतका मोठा, आणि त्याच्या खिशातल्या फोनवर नियंत्रण कक्षाचा इशाराही आला: वायू धोक्याच्या पातळीवर, कुणीही उतरू नये.

राजरत्ननं दोरी वर ओढली. त्याच्या डाव्या हातात कापलेलं रीळ होतं. त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. दोन मिनिटांचं काम होतं. एक वायर. ज्या बाईनं हे यंत्र स्वतःच्या हातानं घडवलं होतं, तिला ते माहीत नसणं शक्य नव्हतं.

"चालू आहे का हो?" यशोधरानं दारातून विचारलं.

"चालू आहे."

"पट्टी काढली तरी?"

"पट्टी काढली तरी."

खुर्चीचा हात धरून ती उठली आणि आत गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. आजार कळल्या दिवसापासून ती पहिल्यांदाच मोठ्यानं रडत होती. राजरत्नला आत जावंसं वाटलं. पण माणसं पहारी खाली टेकवून त्याच्याकडे बघत उभी होती, आणि अजून एकशे अकरा घरं बाकी होती. त्यानं जळू परत भिंतीला चिकटवली, झाकण बसवलं आणि पेचकस घेऊन तो पंधरा नंबरकडे निघाला.